आंदणी गाय नेमकी कोणाची, याबाबत

मी, खाली सही करणारा, शालिकराम वल्द पांडुरंग लांजेवार, वय सदुसष्ट, धंदा अर्जनवीसी (डोळ्यांमुळे दोन वर्षांपासून बंद), राहणार प्रताप नगर, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. बुधवारी लिहायला घेतले, आज रविवारी पुरे करतो. एका कागदाला मला पाच दिवस लागले, हे कचेरीत कोणाला सांगितल्यास खरे वाटणार नाही.

परवा मंगळवारी मोठ्या दवाखान्यात माझे अंतर्गळाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. हेच ज्यांना ज्यांना सांगितले गेले, त्यांतल्या बऱ्याच जणांची मृत्युपत्रे मीच लिहिली आहेत, म्हणून माझेही लिहून ठेवतो.

मला कोणी धाक घातलेला नाही, नशापाणी करवलेले नाही. यापुढे ‘माझे डोके ठिकाणावर आहे’ असे लिहायचे असते. चाळीस वर्षे लोकांसाठी ते वाक्य मी विचार न करता लिहिले. आज लिहिताना टाक अडला. घर, भांडी, लिहिण्याचे सामान याबाबत माझे डोके ठिकाणावर आहे. गायीबाबत नाही. बुधवारपासून नाही.

गोंधळ काय आहे तो आधीच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याची फरफट होणार नाही. माझ्या गोठ्यात आंदणी नावाची गाय आहे. ती माझी आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. जे आपले नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही, हे मी खेड्यापाड्यांतून आलेल्या लोकांना ओरडून ओरडून सांगत आलो. आणि गाय माझी की नाही हे एकाच गोष्टीवर ठरते. चार वर्षांपूर्वी ती दारात आली तेव्हा मी एक वाक्य बोललो. ते ऐकून माझ्या बायकोचा, गोपिकेचा, चेहरा कसा झाला? मी तिच्या पाठीमागे उभा होतो. मला दिसला नाही. आता ती नाही.

कलम १. प्रताप नगरातले घर, प्लॉटसकट, माझा मुलगा ओमप्रकाश (भिलाईला नोकरी) आणि मुलगी प्रेमिला (उमरेडला दिलेली) यांना निम्मे निम्मे. मुलीला निम्मे कशाला, असे ओमप्रकाशने विचारू नये. विचारल्यास त्याचेही निम्मे तिलाच जावे.

कलम २. माझे उतरते लाकडी डेस्क, पितळी दौत, दोन टाक आणि अर्जांच्या नमुन्यांची जाड वही प्रेमिलेला. तिचे अक्षर माझ्यावर गेले आहे. ओमप्रकाशचे अक्षर कोणावर गेले ते आमच्या घराण्यात शोधून सापडत नाही. माझा धंदाबंधू चंद्रभान याने, मी टायफॉइडने अंथरुणाला खिळलो असताना, कचेरीसमोरच्या कडुनिंबाखालची माझी सावलीची जागा स्वतःचे टेबल सरकवून बळकावली. सन १९६१. मी विसरलेलो नाही. त्याला माझी छत्री द्यावी. ती गळते, हे आधी सांगू नये.

कलम ३. माझी पत्नी कै. गोपिका हिच्या सोन्याच्या पाटल्या, नग दोन, लग्नात माझ्या आईने तिच्या हातात घातलेल्या, तिच्या हिरव्या लोखंडी पेटीत कापडात बांधून ठेवल्या आहेत. त्या प्रेमिलेला द्याव्यात.

वरील कलम रद्द समजावे. मृत्युपत्रात खाडाखोड करू नये असे मीच लोकांना बजावत असे, म्हणून खोडत नाही, नुसते रद्द म्हणतो. झाले असे की, बुधवारी सकाळी हे कलम लिहिले आणि नग दोनच आहेत ना, याची खात्री करावी म्हणून पेटी उघडली. उगीच उघडली. कापड होते. पाटल्या नव्हत्या. कापडाच्या घडीत एक पावती होती, उमरेडच्या गुरांच्या बाजाराची, मे १९७५ ची. गाय पांढरी, गवळाऊ जातीची, दुसऱ्या वेताची, सोबत दीड महिन्याचा गोऱ्हा. विकत घेणाऱ्याच्या रकान्यात लिहिले होते: गोपिकाबाई भ्रतार शालिकराम लांजेवार, राहणार नागपूर. खाली तिची सही. सहीतली ‘गो’ची मात्रा तिने नेहमीसारखी आभाळाला नेलेली.

कागद वाचण्यात माझा जन्म गेला. बनावट कागद मला दोन हातांवरून कळतो. हा बनावट नव्हता. तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला आणि पेटीशेजारी तसाच फरशीवर बसलो. दुपारचे जेवणही राहिले.

कलम ४. आता गायीचे. हे कलम लांबणार आहे, कायद्याला ते चालत नाही, पण मला दुसरे काही सुचत नाही.

माझे लग्न १९३८ साली मौद्याजवळच्या खेड्यात झाले. आमच्यात मांडवात मुलीचा बाप आंदण बोलतो, म्हणजे मुलीसोबत माहेरहून काय पाठवणार ते चारचौघांसमोर सांगतो. माझे सासरे उठले आणि छाती काढून म्हणाले, ‘‘पोरीले दुभती गाय!’’ वाजंत्री वाजली. गाय काही आली नाही. त्या वर्षी म्हणे त्यांच्या गोठ्यात रोग शिरला. पुढच्या वर्षी काय शिरले ते त्यांनी सांगितले नाही, मीही मागायला गेलो नाही. १९५१ साली ते वारले, गाय न देताच वारले.

मागायला गेलो नाही, पण गप्पही बसलो नाही. रोज संध्याकाळी कचेरीतून आलो की सायकल भिंतीला टेकवता टेकवता मी ओरडायचो, ‘‘काय वं, आली काय तुझ्या बापाची गाय?’’ आणि ती आतून म्हणायची, ‘‘वाटेत हाय. येऊन राहिली.’’ सदतीस वर्षे. पाहुण्यांसमोर, मुलांसमोर, तिच्या बापाच्या तेराव्याहून परतलो त्या संध्याकाळीसुद्धा. ही आमची गंमत आहे असे मी धरून चाललो होतो. तिलाही ती गंमतच वाटते का, हे विचारायचे कधी डोक्यात आले नाही. आता रोज येते.

सन १९७५ च्या अक्षयतृतीयेला सकाळी फाटकाशी तिचा धाकटा भाऊ चंपतराव उभा. हातात कासरा, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, मागे पांढरी गाय आणि तिच्या पोटाशी गोऱ्हा. म्हणाला, ‘‘भाऊजी, बाबाचा शब्द राहून गेला होता. घ्या, ही तुमची गाय.’’

मी चक्रावलो. गोपिका मात्र तयारच होती, हेही मला त्या वेळी कसे खटकले नाही! तांब्या, हळदकुंकू, गूळ-भाकर सगळे हाताशी. नवी गाय दारी आली की घरधनिणीने तिचे खूर धुवायचे, कपाळाला कुंकू लावायचे, भाकर भरवायची आणि मगच आत घ्यायचे. गोपिका वाकून पुढचे खूर धुवायला लागली. तिची पाठ माझ्याकडे. गायीचे तोंड धरून समोर उभ्या होत्या शेजारच्या कांताबाई निनावे, ज्यांच्याशी माझे बोलणे बंद होते. (त्यांच्याबद्दल कलम ६ मध्ये.) चंपतराव माझ्या बाजूला.

मी चष्मा लावून गाय पाहिली. शेतकऱ्याच्या जातीत जन्मलो, पण माझे वडील कचेरीत चपराशी, मी अर्जनवीस. गायीबद्दल मला जेवढे कळते तेवढे त्या गायीलाच माझ्याबद्दल कळत असेल. गळ्याखालची पोळी, म्हणजे लोंबती कातडी, पाहिली आणि मला वाटले जनावर थकलेले आहे. गवळाऊ गायीची पोळी तरुणपणीही तशीच लोंबते, हे मला पुढे महिन्याभराने कळले. पण त्या क्षणी मी मोठ्याने म्हणालो, ‘‘म्हातारी दिसते गा, चंपतराव. तुझ्या बापानं सदतीस वर्षं हीच जपून ठेवली होती वाटते!’’

चंपतराव हसला. आता वाटते, तो हसला म्हणजे नुसते दात दाखवले. गोपिकेचा तांब्याचा हात थांबला. मग पुन्हा पाणी ओतू लागला. एवढेच मी पाहिले. मी स्वतःवर इतका खूश होतो की दुसऱ्या दिवशी कचेरीत ते वाक्य सगळ्यांना ऐकवले. चंद्रभान तर खुर्चीवरून पडायचाच राहिला.

गायीचे नाव गोपिकेनेच ठेवले, आंदणी. चार दिवस शेजारपाजारच्या बायका ‘माहेरची गाय’ बघायला येत होत्या आणि ती पदर सावरून सगळ्यांना बाबांच्या शब्दाची गोष्ट सांगत होती. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. त्यानंतर मात्र संध्याकाळी सायकल टेकवताना मला ओरडायला काही उरले नाही. घरात शिरायचो आणि हातपाय धुवायचो.

गोपिका त्या उन्हाळ्यानंतर आजारी पडली आणि १९७७ च्या पौषात गेली. म्हणजे गाय तिला पावणेदोन वर्षे मिळाली. आणि ती गाय तिच्या बापाची नव्हती. माझ्या आईने घातलेल्या पाटल्या मोडून तिने ती बाजारातून घेतली होती. म्हणजे सदतीस वर्षे मी जी गाय मागत होतो, ती मीच दिलेल्या सोन्यातून आली आणि वर मी तिला म्हातारी म्हणालो. हे लिहितानाही माझे कान तापतात. शालिकराम, तू गाढव आहेस. हे वाक्य मृत्युपत्राचा भाग समजावे.

बुधवारीच चंपतरावला कार्ड टाकले. शुक्रवारी तो आला. पावती समोर ठेवली तेव्हा तो जमिनीकडे पाहू लागला. ‘‘बाईनं शपथ घातली होती, भाऊजी. मी फक्त गाय हाकत आणली.’’

‘‘काहून केलं तिनं असं?’’ मी विचारले.

‘‘मले नाही सांगतलं. मी पुसलं तर म्हणे, तू कासरा धर.’’

‘‘अन् मी बोललो तवा तिचं तोंड कसं झालं होतं?’’

‘‘मी तुमच्याच बाजूले होतो ना. मले कसं दिसन?’’ मग म्हणाला, ‘‘मले बी तेव्हापासून वाटते, भाऊजी, की पाहायला पाहिजे होतं.’’ जाताना त्याने गायीच्या पाठीवर हात फिरवला, माझ्याकडे मात्र पाहिले नाही.

कलम ५. गायीची निगा. मालक कोणीही ठरो, पोट तिलाच आहे, म्हणून हे लिहितो.

सरकीची ढेप, म्हणजे पेंड, रात्री भिजत घालावी, सकाळी मूठभर मीठ टाकून द्यावी. कोरडी दिल्यास ती खाते, पण दिवसभर तोंड फिरवून बसते. तुरीचे कुटार, म्हणजे भुसा, चाळून द्यावे. पाणी उन्हात कोमट झाल्यावर पाजावे, थंडीत तर नक्कीच. गोचिडी कानामागे पाहाव्यात, सगळे पोटाखाली पाहतात. तिच्या डाव्या बाजूने जाऊ नये, लाथ मारते. माझ्या उजव्या मांडीवर दोन खुणा आहेत, दोन्ही डाव्या बाजूच्या चुकीमुळे. गळ्याखाली खाजवल्यास मान लांब करून डोळे मिटते आणि मग काहीही करा. सायकलची घंटा तिला खपत नाही.

सध्या ती गाभण आहे, वैशाखात विईल. पहिला चीक वासराच्या वाट्याचा, त्यात कोणी खरवसासाठी वाटी पुढे करू नये, ओमप्रकाशने तर मुळीच नाही. मागचा गोऱ्हा चंपतरावाकडे औताला गेला. या वेळी कालवड झाल्यास तिला विकू नये.

आणि ढेपेचे पोते कोणी एकट्याने उचलू नये. माझे हे ऑपरेशन त्या पोत्याचेच आहे. पासष्टी उलटल्यावर मला पैलवानकी सुचली.

कलम ६. कांताबाई भ्रतार कै. गणपतराव निनावे, माझ्या डाव्या हाताच्या शेजारीण, माहेर उमरेडचे, कोष्ट्यांचे. सन १९६५ मध्ये त्यांच्या शेवग्याच्या फांद्या माझ्या अंगणात पडत म्हणून मी त्यांना न विचारता वर अर्ज केला. अर्ज उत्तम होता, तीन मुद्दे, एकही शब्द फालतू नाही. त्यांना कळले तशी त्यांनी स्वतः कोयता घेऊन झाड बुडापासून तोडले आणि सगळ्या फांद्या माझ्या अंगणात आणून टाकल्या. ‘‘घ्या, आता करा अर्ज!’’ त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद. गोपिका आणि त्या मात्र कुंपणातून रोज बोलत, पीठ-मीठ देत-घेत. माझ्याबद्दल काय बोलत ते मी कधी विचारले नाही, त्यांच्या हसण्यावरून अंदाज होता.

गोपिका आजारी पडल्यावर गायीने मला हात लावू दिला नाही. प्रेमिला आली, तिलाही नाही. ओमप्रकाशने प्रयत्न केला, तो चरवीसकट पडला. कांताबाई मागच्या दाराने आल्या, बसल्या, सडाला हात लावला, आणि आंदणीने असा पान्हा सोडला की मला रागच आला. तेव्हापासून त्या रोज दोनदा येतात. दूध काढतात, अर्धे त्यांच्या गंजात, अर्धे माझ्या चरवीत. माझ्याशी बोलत नाहीत. गायीशी बोलतात.

‘‘आंदणे, सांग तुह्या मालकाले, कालची ढेप भिजली नव्हती.’’

मी म्हणायचो, ‘‘आंदणे, सांग बाईले, रॉकेलच्या लाइनीत उभा होतो.’’

‘‘आंदणे, पुस त्यायले, रॉकेल तू पेतं काय?’’

गोपिका गेली त्या दिवशीही त्या संध्याकाळच्या वेळेला आल्या. बाहेर माणसे जमली होती. त्यांनी दूध काढले, चरवी झाकून ठेवली, आणि गायीच्या मानेला डोके टेकवून बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मी दारातून पाहिले आणि परत फिरलो. एक शब्द बोलायला हवा होता. बोललो नाही. हे कर्ज म्हणा, चूक म्हणा, माझ्या नावावर आहे.

चंपतराव गेल्यावर माझ्या ध्यानात आले की मे १९७५ मध्ये कांताबाईंची आत्या आजारी म्हणून दोघी एस.टी.ने उमरेडला गेल्या होत्या. दिवसभराने परतल्या. आत्या कशी आहे असे मी गोपिकेला विचारले तेव्हा ती म्हणाली होती, ‘‘पांढरी पडली, पण तब्येत धडधाकट.’’ आणि कुंपणापलीकडून खोकल्याचा आवाज आला होता.

कलम ७. कायदा. इथे माझे डोके अगदीच बंद पडते. दुसऱ्या कोणाचे प्रकरण असते तर पाच मिनिटांत सांगितले असते.

पावतीप्रमाणे गाय गोपिकेची, तिच्या अंगावरच्या दागिन्यांतून घेतलेली. बायकोचे स्त्रीधन नवऱ्याने वाटू नये. ते मुलांकडे जाईल, आणि मुले विकतील. ओमप्रकाशने कळवलेच आहे की बूथवर दुधाच्या बाटल्या मिळतात, शेणामुताचा व्याप कशाला. प्रेमिलेकडे बांधायला जागा नाही. म्हणजे वैशाखात विणारी, एकाच बाईच्या हाताला सवय असलेली गाय बाजारात जाईल.

उलट बाजूने, ‘‘ही तुमची गाय’’ असे शब्द माझ्या दारात चारचौघांसमोर बोलले गेले. म्हणजे दान. पण दानाला देणाऱ्याची राजीखुशी लागते आणि घेणाऱ्याने स्वीकार करावा लागतो. मी स्वीकार कुठे केला? मी विनोद केला. तो ऐकून गोपिका हसली असेल, तर तो आमचा नेहमीचा खेळ झाला, तिने दिली, मी घेतली, गाय माझी. आणि माझी असेल तर मी ती कांताबाईंना देतो, गोठ्यातल्या सगळ्या सामानासकट, कोणाला न विचारता. पण ती दुखावली असेल, तर देणे तिथेच मोडले. मग चार वर्षे मी एका बाईच्या अपमानाचे दूध पीत आलो, आणि ही गाय मी कोणालाही देऊ शकत नाही.

हसली की दुखावली? पाठीवरून काही कळत नाही. मी रोज रात्री ती पाठ आठवतो. निळे लुगडे, खांद्यावर ओला डाग. कधी वाटते खांदे हसल्यासारखे हलले, कधी वाटते रडल्यासारखे. जितके आठवतो तितका गोंधळ वाढतो, आता तर लुगडे निळे होते की हिरवे तेही सांगता येत नाही.

कलम ८. आज सकाळी कांताबाई दूध काढायला बसल्या तेव्हा मी गोठ्याच्या खांबाला धरून उभा राहिलो. पावती माझ्या हातात होती. तेरा वर्षांत पहिल्यांदा गायीला मध्ये न घालता बोललो.

‘‘कांताबाई, त्या दिवशी मी ते बोललो, तवा गोपिकेचं तोंड कसं झालं होतं?’’

त्यांचा हात थांबला. त्यांनी पावती पाहिली, माझ्याकडे पाहिले, परत दूध काढू लागल्या. ‘‘तेरा वर्षांनी तोंड उघडलं अन् हे पुसून राहिले?’’

‘‘मंगळवारी ऑपरेशन हाय. मले गाय तुमच्या नावानं लिहायची हाय. पण माझी असन तर लिहीन ना.’’

‘‘मले नको तुमचं लिहिणं.’’

‘‘मंग सांगा तरी. हसली काय? रडली काय? वाईट असलं तरी सांगा, मी ऐकून घेतो.’’

त्यांनी चरवी भरली, फेस बोटाने बाजूला केला, पदराला हात पुसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते की दुधाची वाफ लागली होती, मी नीट पाहिले नाही. पुन्हा तेच. मी लोकांचे चेहरे वेळेवर पाहत नाही.

‘‘तुमाले तोंडी सांगतलेलं कधी पटलं काय?’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमाले कागद लागते. कागदावरच देतो. जागा सोडून ठेवा, दुपारी सही करायले येतो.’’ आणि गंज उचलून गेल्या.

तेव्हा या मृत्युपत्राने मी असे ठरवतो की आंदणी गाय कोणाची, हे सांगण्याचा संपूर्ण अधिकार कांताबाई निनावे यांना राहील, कारण त्या दिवशी तो चेहरा फक्त त्यांनीच पाहिला. त्यांच्या सहीखाली जागा कोरी सोडली आहे. मृत्युपत्रात कोरी जागा सोडणे ही घोडचूक आहे. मी ती जाणूनबुजून करत आहे. त्या जागेत त्या जे लिहितील ते माझ्या मुलांवर आणि माझ्यावर बंधनकारक राहील. वाईट लिहिले तरी राहील.

घराला, डेस्काला, छत्रीला माझे म्हणणे वर आहे तेच. यापूर्वी लिहिलेले काही असल्यास ते फुकट समजावे. अक्षर माझेच आहे, शेवटच्या पानावर जरा हलले आहे.

ठिकाण: प्रताप नगर, नागपूर
तारीख: १८ फेब्रुवारी १९७९, रविवार, दुपार

लिहून देणार: शालिकराम पांडुरंग लांजेवार (सही)

साक्षीदार १: मनोहरराव देवतळे, निवृत्त शिक्षक, समोरचे घर. शालिकरामजींनी माझ्यासमोर सही केली. ते शुद्धीवर होते, पण बसत नव्हते, येरझाऱ्या घालत होते. (सही)

साक्षीदार २: कांताबाई गणपतराव निनावे (सही)

राखीव जागा:

मी कांताबाई लिहून देतो की त्या दिवशी मी गाईच्या तोंडाशी होती अन् गोपिका माझ्या समोर होती. ती हसली नाही. रडली बी नाही. तुम्ही गंमत केली हे तिले समजलंच नाही. तिनं खरं धरलं. घाबरून गेली अन् मले हळूच पुसलं, कांता, खरंच म्हातारी हाय काय वं, फसलो काय आपण? मी म्हटलं नाही वं, दुसऱ्या वेताची हाय, अजून आठ-दहा वर्षं दूध देते. डॉक्टरनं तिले काय सांगतलं होतं ते तवा फक्त मलेच माहीत होतं, तुमाले सांगू नको म्हणे. तिनं ओल्या बोटावर वर्षं मोजली. मंग म्हणे, पुरते आमच्या ह्यायले. मी नसली तरी ह्यायले बिनदुधाचा चहा प्या लागणार नाही. अन् परत खूर धुवायले लागली.

गाय तुमची हाय. मी घेत नाही. मंगळवारी जा अन् घरी या.